विमल, माझा पाय मुरगळला नव्हता

विमल,

काल तुझं तेरावं झालं. तुझ्या मुलाने, निलेशने सगळं नीट केलं. पानात वालाचं बिरडं होतं, तुला आवडायचं म्हणून मुद्दाम केलेलं. मला घास गिळवेना. बाजूला बसलेल्या बायका म्हणाल्या, मैत्रीण गेली, जेवण कसं जाणार. मी मान हलवली. मैत्रीण गेली हे खरंच आहे, पण माझा गळा त्यामुळे आवळला नव्हता. तो भीतीने आवळला होता. त्या भीतीबद्दलच तुला सांगायचं आहे. तू समोर असतीस तर आजही सांगितलं नसतं, हे मला माहीत आहे. चाळीस वर्षं सांगितलं नाही, आता तू नाहीस तर लिहायला बसले आहे. अशी मी.

विमल, माझा पाय मुरगळला नव्हता.

वाक्य लिहून मी उठले, पाणी प्यायले आणि परत येऊन बसले. तू आता विचारशील, कुठला पाय? कधीचं बोलतेस? तू विचारणार नाहीस म्हणा. त्या पायाची गोष्ट तूच तर जगभर सांगत फिरलीस. भिवंडीत धामणकर नाक्याच्या मागच्या ग्राउंडवर मुलींचं कोचिंग सुरू केलंस, तेव्हा पहिल्याच दिवशी मला सगळ्यांसमोर उभं करून म्हणालीस, "ये हीरा मैडम हैं. इंडिया की गोलकीपर. इनका पैर नहीं मुड़ता, तो उस साल हम हारते नहीं." कापडाच्या लूमवर ड्युटी करणाऱ्या बापांच्या त्या लेकी माझ्या पायाकडे देवळातल्या मूर्तीकडे बघावं तशा बघायला लागल्या. मी पाय साडीखाली ओढून घेतला.

पहिल्यापासून सांगते. मला नीट क्रमाने सांगितल्याशिवाय जमणार नाही.

तू वज्रेश्वरीच्या वाटेवरच्या गावातली, शेतकऱ्याची. मी मानकोलीची, आमची खाडीकाठची जमीन. भिवंडीच्या शाळेत आपण एका बाकावर आलो आणि आपल्या पीटीच्या बाईंनी आपल्याला फुटबॉलला घेतलं. घेतलं म्हणजे काय, मुली कमी पडत होत्या. मी उंच, म्हणून मला गोलात उभं केलं. तू दांडगी, म्हणून तुला माझ्या पुढ्यात, बचावाच्या मधोमध. तेव्हापासून शेवटपर्यंत तीच जागा. मी गोलात, तू माझ्या दहा पावलं पुढे, माझ्याकडे पाठ करून. तुझ्या पाठीचं मला इतकं पाठांतर झालं होतं की गर्दीत मी तुला चेहऱ्याआधी पाठीवरून ओळखायची.

माझ्या बाबांनी एकदा विचारलं होतं, "अर्धी चड्डी घालून पोरी खेळतात, त्यांना भ्या न्हाय वाटत का कुणाचं?" तू अंगणात उभी होतीस. तू म्हणालीस, "मामा, हिच्या म्होरं मी असते. माझ्या म्होरं कोण येतंय बघू." बाबा हसले आणि मला जाऊ दिलं. तुझ्या शब्दावर मी घराबाहेर पडले, हे मी कधी विसरले नाही.

मग जिल्हा, मग राज्य, मग एके दिवशी आपल्या दोघींच्या नावाचं पत्र आलं, राष्ट्रीय शिबिराचं. आपल्या थोड्या आधीच्या मुली आशियात दुसऱ्या आल्या होत्या. पेपरात दोन ओळी आल्या होत्या, त्या बाईंनी कापून वर्गात लावल्या. आपल्याला वाटलं होतं की असंच चालू राहणार. आज दुसऱ्या, उद्या पहिल्या.

शिबीर उत्तर प्रदेशातल्या एका शाळेत होतं. वर्गातले बाक बाजूला सारून सतरंज्यांवर झोपायचं, आठ जणींना एक बादली. तू त्यातही खूष होतीस. मला तिथे पहिल्यांदा कळलं की आपल्यापेक्षा चांगल्या मुली देशात खूप आहेत. बंगालच्या, मणिपूरच्या, केरळच्या. शिखा त्यातलीच, हावड्याजवळची, आपल्याहून लहान, राखीव गोलकीपर. तिचे हात इतके लहान होते की तुम्ही तिला चिडवायचात.

स्पर्धेसाठी परदेशी जाण्याआधी बाहेरच्या देशाच्या एका संघाशी आपला सराव सामना झाला, आठवतो ना? सगळ्यांना तो आठवतो, कारण आपण हरलो नाही. मी एक उंच चेंडू वाचवला आणि लोक उभे राहिले. पुढे काय झालं ते कुणाला आठवत नाही. त्यानंतरच्या कॉर्नरला मी पुढे धावले आणि त्यांच्या त्या उंच मुलीचा गुडघा माझ्या गळ्यावर बसला.

मी पडले. श्वास आत जाईना. विमल, तू माझ्यावर वाकून काहीतरी बोलत होतीस, तुझे ओठ हलताना दिसत होते, पण मला आवाज येत नव्हता. मला वाटलं, मी इथे मरणार, या गवतात, आणि बाबांना पत्र जाईल. किती वेळ गेला माहीत नाही. मग घर्र आवाज करून हवा आत गेली. मी उठले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पुढचा सगळा सामना खेळले. शिबिरातले आपले कोच सर म्हणाले, "शेरनी है." तू मला उचलून गोल फिरवलंस.

त्या दिवसापासून चेंडू वर उडाला की माझा गळा बंद व्हायचा. नुसता चेंडू. सरावातसुद्धा. कुणाचा पाय जवळ आला की मी डोळे मिटायची. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण पुढे तू होतीस. तू बहुतेक चेंडू माझ्यापर्यंत येऊच द्यायची नाहीस. उरलेले मी अंगावर घ्यायची आणि रात्री सतरंजीवर गळ्याला हात लावून पडून राहायची, श्वास मोजत.

मग तिथल्या संघांबद्दल सर सांगायला लागले. ज्यांच्याशी खेळायचं होतं त्या मुली किती उंच, किती वेगात, शॉट कसा मारतात. तू डोळे मोठे करून ऐकत होतीस, जशी काही मेजवानीची यादी ऐकतेस. निघायला तीन दिवस होते. सकाळी मी शाळेचा जिना उतरत होते. शेवटच्या तीन पायऱ्या राहिल्या होत्या. मी खाली बसले आणि ओरडले.

एवढंच. मी बसले आणि ओरडले. पाय ठणठणीत होता.

सरांनी दाबून बघितलं, मी किंचाळले. त्यांना घाई होती. त्यांनी शिखाला बोलावलं. ती रडायला लागली, मला नाही जमणार म्हणाली. आणि तू, विमल, तू बाजारात जाऊन आंबेहळद शोधून आणलीस. त्या परक्या गावात, मोडक्या हिंदीत. दगडावर उगाळून, गरम करून माझ्या घोट्याला लेप लावलास. तुझी बोटं माझ्या धडधाकट पायावरून फिरत होती आणि तू हळू आवाजात म्हणत होतीस, "दुखतंय का गं? इथं दुखतंय?" मी हो म्हणत होते. तू लावलेला लेप वाळला तशी माझी कातडी ओढायला लागली. ते ओढणं तेवढं खरं होतं.

मी परत निघाले त्या दिवशी तू मला पाठुंगळी घेतलंस. शाळेपासून रिक्षापर्यंत. मी तुझ्या पाठीवर होते. तुझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून मला रडू आलं, तर तू म्हणालीस, "रडू नको. पुढच्या साली जाशील." मला पुढच्या वर्षीचीही भीती वाटत होती.

तिकडे तुम्ही सगळे सामने हरलात. एकात किती गोल झाले ते तू मला कधी सांगितलं नाहीस. मी विचारलंही नाही. एवढंच कळलं की शिखाचं बोट मोडलं आणि तशीच ती शेवटपर्यंत खेळली. परत आल्यावर तू मानकोलीला आलीस, माझ्या खाटेवर बसलीस आणि म्हणालीस, "तू असतीस तर येवढं झालं नसतं." तू मला दोष देत नव्हतीस. तू माझं कौतुक करत होतीस. तो दोष असता तर मी कबुली दिली असती. कौतुकापुढे तोंड उघडेना.

पुन्हा शिबिराचं पत्र आलं तेव्हा मी लग्न ठरवून घेतलं होतं.

त्यानंतरचं आयुष्य मी लंगडत काढलं. खरंच सांगते. तू समोर आलीस की माझा उजवा पाय आपोआप जड व्हायचा. थंडीत जास्त. तू विचारायचीस, "दुखतोय?" मी म्हणायची, "जुनं दुखणं." शाळेत मी पीटीची शिक्षिका झाले, मुलांबरोबर पळायची, पण तुझ्या घराचा जिना चढताना कठड्याला धरायची. तुझ्या सुनेच्या डोहाळजेवणाला एकदा मी गडबडीत डाव्या पायाने लंगडले. चार पावलं चालून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. मी मागे बघितलं तर तू दारात उभी होतीस, हातात ओटीचं ताट घेऊन, माझ्या पायांकडे बघत. तू वळलीस. आत गेलीस. त्या दिवसापासून मला कळलेलं नाही, विमल, तुला माहीत होतं का. बारा-तेरा वर्षं मी त्या एका नजरेला घाबरून राहिले. आणि तुला विचारायची सोय आता राहिली नाही.

आपला संघ मात्र आपण दोघींनी मिळून बघितला, कधी टीव्हीवर, कधी पेपरात, मग मोबाइलवर. काय काय बघितलं. आशियात दुसरे होतो ते कुठल्या कुठे गेलो. काही वर्षं अशी गेली की मुलींना कुणाशी खेळायलाच मिळालं नाही. इतकं, की जगाच्या यादीतून नाव निघालं, कारण खेळलेच नाहीत तर क्रमांक कसला लावणार. तू पेपर घेऊन माझ्याकडे आलीस आणि म्हणालीस, "हारले असते तर चाललं असतं. ह्ये तर नावच पुसलं." शेजारच्या देशांमध्ये आपण बरीच वर्षं अजिंक्य होतो, मग त्यांच्या मुली शिकल्या आणि तेही गेलं.

आपलं भांडण त्यावरच असायचं. मी म्हणायची, तयारी नसताना मोठ्या संघांपुढे पोरींना कशाला उभं करता, डझनांनी गोल खाऊन येतात. तू म्हणायचीस, "मार खायला गेलंच न्हाय तर मारायला कवा शिकतील?" मी म्हणायची, मार खाणाऱ्याला विचार. तू म्हणायचीस, "मी खाल्लाय." तुला वाटायचं तू जिंकलीस. मी फक्त विषय बदलायची.

आणि ते वर्ष, जेव्हा आशियाची स्पर्धा आपल्याकडेच होती. नवी मुंबईत, इथून हाकेच्या अंतरावर. प्रेक्षकांना आत घेत नव्हते, साथ चालू होती, तरी तू म्हणालीस की भिंतीबाहेर उभं राहू, आवाज तरी ऐकू. मीच नको म्हटलं. तुझ्या घरी टीव्हीसमोर बसलो. पहिला सामना बरोबरीत सुटला. दुसऱ्याच्या आधी बातमी आली की संघात आजार पसरलाय, मैदानात उतरायला पुरेशा मुलीच नाहीत. संपलं. आपल्या अंगणातली स्पर्धा आणि आपणच बाहेर. तू टीव्ही बंद केला नाहीस. रिकाम्या मैदानाकडे बघत राहिलीस, पदर तोंडात धरून. मी तुझा हात धरला.

विमल, मला तेव्हा हायसं वाटलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला वाटलं, बरं झालं, आता त्या गोलातल्या मुलीला कुणी गुडघा मारणार नाही. तुझा हात माझ्या हातात होता, तू रडत होतीस आणि मी आतून सुटल्यासारखी बसले होते.

मग गेल्या पावसाळ्यात पोरींनी थायलंडला त्यांच्याच घरी हरवलं आणि यजमान म्हणून नव्हे, मैदानावर खेळून आशियाच्या स्पर्धेत जागा मिळवली. तू ग्राउंडवरच्या सगळ्या मुलींना जिलबी वाटलीस. त्याच आठवड्यात तुला जिना चढताना दम लागला आणि डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप अरुंद झालीय, ऑपरेशन लागेल.

तू मला म्हणालीस, अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर जाऊ. आपण दर हिवाळ्यात जायचो, गुडघे शेकायला. या वेळी निलेशने गाडीने सोडलं आणि तो चहा प्यायला गेला. दुपारची वेळ, कुंडावर दोन म्हाताऱ्या सोडल्या तर कुणी नव्हतं. आपण गरम पाण्यात पाय सोडून बसलो. तू बराच वेळ गप्प होतीस. तू आणि गप्प, म्हणून मला धाकधूक वाटायला लागली. मला वाटलं, आता तू पायाचं काढणार.

तू विचारलंस, "हिरे, तुला कधी भ्या वाटलं का गं? गोलात उभी असताना?"

मी पाण्याकडे बघत होते. वाफ येत होती. चाळीस वर्षं मी ज्या प्रश्नाला टाळत होते, तो तू इतक्या साधेपणाने विचारलास की मी हो म्हणणारच होते. तोंड उघडलं होतं. पण मला वाटलं, ही सापळा लावतेय. एक हो म्हटलं की पुढचा प्रश्न येणार.

मी म्हणाले, "न्हाय."

"कधीच न्हाय?"

"कधीच न्हाय. तू होतीस ना पुढं."

तू मान हलवलीस. "बरं हाय," म्हणालीस. पाय पाण्यातून काढलेस, लाल झालेले, आणि पदराने पुसत राहिलीस, नको तितका वेळ. मग म्हणालीस, "ऑपरेशन जरा लांबवते. नातवाची परीक्षा होऊ दे." परीक्षा झाली. मग म्हणालीस, पोरी ऑस्ट्रेलियात आशियाची स्पर्धा खेळून येऊ देत, मग छाती उघडून घेते. मी आग्रह केला, हे खरं. पण कसा केला? म्हणाले, "त्यात काय घाबरायचं." तुला, जिला नेमकं तेवढंच ऐकायचं नव्हतं.

बारावा दिवस होता तेव्हा निलेश माझ्याजवळ येऊन बसला. साध्या मनाने सांगायला लागला. "मावशी, हॉस्पिटलचा फॉर्म आईने दोनदा परत ठेवला. म्हणायची, हिरा बघ, आयुष्यात कशाला भ्याली न्हाय. आणि माझा सही करताना हात कापतोय, लाज वाटते. उद्या करते." मग म्हणाला, "त्या सकाळी चहाचं आधण ठेवलं आणि तिथेच बसली, ती उठलीच नाही. मी आंघोळीला होतो." तो रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

म्हणजे तू अकलोलीला मला पकडायला नेलं नव्हतंस. तू घाबरली होतीस. तुला घाबरलेलं माणूस सोबत हवं होतं. आणि तू ज्या एका बाईला विचारलंस, ती जन्मभर घाबरलेली होती आणि तुला म्हणाली, न्हाय.

मी हो म्हटलं असतं तर तू सही केली असतीस का? मला माहीत नाही. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशनमध्येही धोका होताच. निलेश म्हणतो, नशीब. मला कालही आणि आजही सकाळी जाग आली ती याच प्रश्नाने.

निलेशने तुझा मोबाइल माझ्याकडे दिला होता, जुन्या खेळाडूंना कळवायला. तुझ्याकडे सगळ्यांचे नंबर होते. माझ्याकडे एकीचाही नव्हता, ते काही विसरण्यामुळे नव्हे. मी एकेकीला फोन केले. शिखाचं नाव शेवटपर्यंत ठेवलं. काल तेराव्यावरून घरी आले आणि मग लावला.

तिने लगेच उचलला. आवाज जाड झालाय. तू गेल्याचं मी तिला सांगितलं. मग तिने विचारलं, "हीरादी, आपका पैर कैसा है?"

विमल, बघ, तिलासुद्धा माझ्या पायाची चौकशी करायची होती. मी खुर्चीचा हात घट्ट धरला आणि म्हणाले, "शिखा, मेरा पैर ठीक था. उस दिन भी ठीक था. मैं डर गई थी."

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. मला वाटलं ती फोन ठेवेल. ठेवायलाच हवा होता. तिचं बोट मोडलं ते माझ्या वाट्याचं होतं.

ती म्हणाली, "मैं बहुत साल आप पर गुस्सा थी. बिना जाने. सोचती थी, ये सीढ़ी पर क्यों गिरी." मग थांबून म्हणाली, "उंगली अभी भी टेढ़ी है. लेकिन हीरादी, इंडिया का जर्सी मैंने वही एक बार पहना. आप आतीं, तो वो भी नहीं होता. मैं क्या बोलूँ आपको. माफ़ भी नहीं बोल सकती, थैंक्यू भी नहीं."

मी म्हणाले, काही बोलू नको. मी म्हणाले, विमल कशालाच घाबरायची नाही, ती असती तर मला कधीच माफ करणार नव्हती.

"विमलदी?" ती म्हणाली. "विमलदी तो हर मैच से पहले उल्टी करती थी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"हर मैच. कैंप में भी. बाथरूम में नल खोल देती थी, ताकि आवाज़ न आए. मैंने एक बार देख लिया. फिर मुँह धोया और बोली, हीरा को मत बताना. वो मेरे भरोसे खड़ी रहती है."

शिखा पुढेही काही बोलली. तिच्या सुनेबद्दल, आणि या वेळी सामने बघणार का ते. मी हो हो म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर मी जमिनीवर बसले. आठ जणींना एक बादली, आणि तू रोज सकाळी सगळ्यांच्या आधी उठून नळावर जायचीस, त्यावरून आम्ही तुला पाणकोंबडी म्हणून चिडवायचो. आणि ग्राउंडवर तुझी ती पाठ, जिच्या आधाराने मी उभी राहायची. ती पाठ ताठ दिसायची. तिच्या पुढच्या बाजूला काय चाललं होतं, मला कधी दिसलं नाही.

मी तुझ्यावर रागावले, विमल. आज सकाळपर्यंत रागावले होते. तू सांगायचंस ना. एकदा तरी. सतरंजीवर माझ्या बाजूला झोपून सांगायचंस. मग मीही सांगितलं असतं, आणि कदाचित आपण दोघी मिळून गेलो असतो आणि दोघी मिळून मार खाऊन आलो असतो. मग मला आठवलं की मी तरी कुठे सांगितलं.

आज तुझ्या ग्राउंडवर गेले. तू गेल्यापासून पहिल्यांदा. अठरा मुली आल्या होत्या, कुणी बोलावलं नव्हतं. नाक्यावरच्या रिक्षांचा आणि लूमचा आवाज नेहमीसारखा होता. त्या माझ्याभोवती गोल करून बसल्या. तुझ्याबद्दल काहीतरी चांगलं बोलावं अशी त्यांची अपेक्षा होती. मी त्यांना जिन्याचं सांगितलं. आंबेहळदीचं सांगितलं. तू नळ उघडायचीस तेही सांगितलं. तू नको म्हटलं होतंस, ते मी मोडलं. मला वाटत होतं की आत्ता एखादी उठून जाईल.

कुणी उठलं नाही. शबनम, तुझी गोलकीपर, तिने विचारलं, "मैडम, उल्टी करके जाते थे, तो जीतते थे?"

मी म्हणाले, "कभी कभी. ज़्यादा बार हारते थे."

तिने थोडा विचार केला. ग्लोव्हज घातले आणि जाऊन गोलात उभी राहिली. मी चेंडू ठेवला. विमल, या वयात मी एका पंधरा वर्षांच्या मुलीसमोर उभी होते आणि माझा गळा तसाच बंद झाला होता, तिच्या अंगावर चेंडू जाणार या भीतीने. मी हळूच मारला. तिने तो एका हाताने थांबवला आणि माझ्याकडे परत ढकलला.

"और ज़ोर से, मैडम."

मी थोडा जोरात मारला. तिने तोही परत दिला आणि मान हलवली, नाही म्हणून. मी धाव घ्यायला चार पावलं मागे गेले.